हिरवी शिट्टी: पेन्थ्रॉक्स या ओढून घ्यायच्या वेदनाशामकाचे परीक्षण

मनगट मोडलेला किंवा खांदा निखळलेला माणूस रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येतो, तेव्हा त्याला वेदनाशामक त्याच क्षणी हवे असते; प्रत्यक्षात ते मिळते नोंदणी, प्राथमिक तपासणी, हाताची शीर शोधणे, कपाटाची किल्ली मागवणे आणि नियंत्रित औषधांच्या वहीत दोघांच्या सह्या, इतके सगळे उरकल्यावर. पेन्थ्रॉक्स हे मेलबर्नच्या मेडिकल डेव्हलपमेंट्स इंटरनॅशनल या कंपनीचे उत्पादन नेमके या रिकाम्या वेळेसाठी आहे. मेथॉक्सीफ्लुरेन नावाचे ३ मिलीलीटर द्रव, ते ओतायची हिरव्या प्लास्टिकची नळी आणि सोडलेल्या श्वासातील औषधाची वाफ शोषून घेणारी कोळशाची एक छोटी डबी, एवढाच सारा संच. ऑस्ट्रेलियातील रुग्णवाहिकांमध्ये ते १९७० च्या दशकापासून वापरात आहे आणि तिथे त्याला सगळेजण हिरवी शिट्टी म्हणतात. ब्रिटनमध्ये २०१५ पासून, अपघाती दुखापतीने मध्यम ते तीव्र वेदना होणाऱ्या आणि शुद्धीवर असलेल्या प्रौढांसाठी, त्याला परवाना आहे. मी इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात काम करतो आणि ही शिट्टी रुग्णांच्या हाती नियमित देतो. तरी हे परीक्षण केवळ वापराच्या अनुभवावर बेतलेले नाही. वेदनाशामकाचा अनुभव फसवा असतो, कारण हात झोळीत अडकवला, कोणीतरी शेजारी येऊन बसले, एवढ्यानेही वेदना उतरते; म्हणून या औषधाच्या चाचण्या कशा झाल्या आणि त्यांतून खरोखर काय सिद्ध झाले, याकडे येथे अधिक लक्ष दिले आहे.

आधी वस्तूविषयी. बाटलीचे झाकण नळीच्याच बुडाच्या टोपीने सैल करता येते. नळी तिरकी धरून द्रव आतल्या वातीवर ओतायचे, कोळशाची डबी वरच्या भोकात बसवायची, नळीचा पट्टा रुग्णाच्या मनगटात अडकवायचा आणि नळी त्याच्याच हातात द्यायची. पहिले काही श्वास हळू घ्यावेत, कारण गोडसर, फळासारखा वास घशाशी येतो आणि काहींना ठसका लागतो. साधारण सहा ते दहा श्वासांत परिणाम जाणवू लागतो. अधिक जोर हवा असेल तर कोळशाच्या डबीवरचे भोक बोटाने झाकायचे, म्हणजे बाहेरची हवा कमी मिसळते. सलग ओढल्यास एक बाटली पंचवीस ते तीस मिनिटे पुरते. अधूनमधून ओढल्यास त्याहून जास्त.

यातली खरी हुशारी अशी, की नळी रुग्णानेच धरायची असते. गुंगी वाढली की हात आपोआप खाली येतो आणि औषध थांबते. त्यामुळे शेजारच्या उत्साही नातेवाइकाने ती रुग्णाच्या तोंडाशी धरून ठेवली, तर हा सुरक्षेचा बंदोबस्तच मोडतो. हे मला जवळजवळ प्रत्येक वेळी सांगावे लागते. दुसरी अडचण श्वास सोडण्याची आहे. रुग्ण नळीतून श्वास ओढतात आणि सवयीने बाहेर खोलीत सोडतात. मग कोळशाची डबी निरुपयोगी ठरते आणि तो गोड वास दिवसभर आमच्या नाकात राहतो. मुलाकडे आलेल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या एका मराठी आजींना मी सांगितले होते, “आजी, शिट्टी वाजवायची नाही, ओढायची, आणि सोडलेला श्वासही नळीतच जाऊ द्या.” त्यांना ते पहिल्या खेपेला जमले. मनगटावर अर्धे प्लास्टर चढवताना त्या तक्रार न करता बोलत होत्या. मात्र दहापैकी किती दुखते, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, “आता काय सांगू बाळा, जीव नको झालाय.” या उत्तराचा आकडा कोणता लिहायचा, हा वेदनाशामकांच्या प्रत्येक चाचणीपुढचा मूळ पेच आहे.

चाचण्यांमध्ये तो पेच दोन मार्गांनी सोडवला जातो. एक म्हणजे शून्य ते दहा असा आकडा विचारणे. दुसरा म्हणजे १०० मिलिमीटरची रेघ देऊन, एका टोकाला वेदना नाही आणि दुसऱ्या टोकाला कल्पनेतली सर्वांत मोठी वेदना, असे समजून रुग्णाला खूण करायला लावणे. रुग्णाला स्वतःला फरक पडल्यासारखे वाटण्यासाठी ही खूण सरासरी सुमारे १३ मिलिमीटर खाली यावी लागते, असे आपत्कालीन विभागांतील जुन्या अभ्यासांवरून धरले जाते. पुढचे आकडे वाचताना हा १३ चा आकडा मनात ठेवावा.

पेन्थ्रॉक्सच्या युरोपातील प्रवेशाचा मुख्य आधार ठरली ती ब्रिटनमधील सहा आपत्कालीन विभागांत झालेली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘स्टॉप’ ही चाचणी. तिचा खर्च उत्पादक कंपनीने उचलला होता. बारा वर्षांवरील, किरकोळ अपघाती दुखापत झालेले आणि वेदनेचा आकडा चार ते सात यांदरम्यान असलेले ३०० रुग्ण तीत होते. निम्म्यांच्या नळीत मेथॉक्सीफ्लुरेन आणि निम्म्यांच्या नळीत साधे सलाईन, म्हणजे औषध नसलेले मिठाचे पाणी, होते. वासावरून भेद कळू नये म्हणून प्रत्येक नळीच्या बाहेरच्या बाजूला औषधाचा थेंब लावलेला होता. पाच, दहा, पंधरा आणि वीस मिनिटांनी औषध मिळालेल्यांची खूण सरासरी २३.१, २८.९, ३४.० आणि ३५.० मिलिमीटर खाली आली. सलाईन ओढणाऱ्यांची ११.३, १४.८, १५.५ आणि १९.० मिलिमीटर. एकूण फरक १५.१ मिलिमीटरचा, म्हणजे १३ च्या रेषेच्या थोडा वर. आराम जाणवायला लागलेल्या वेळेचा मध्यांक (निम्म्या रुग्णांना ज्याच्या आत आराम जाणवला ती वेळ) चार मिनिटे होता.

हे निकाल चांगले आहेत. ते फुगवून सांगण्याची मात्र गरज नाही. पहिली गोष्ट म्हणजे नुसते सलाईन ओढूनही वीस मिनिटांत १९ मिलिमीटर वेदना उतरली. म्हणजे औषधाच्या गटात जो आराम दिसला, त्याचा निम्म्याहून अधिक भाग लक्ष, विसावा, वेळ आणि आशा यांचा होता. दुसरी गोष्ट, थेंब लावून वास लपवला तरी डोके हलके होणे लपवता येत नाही. काही श्वासांत गरगरू लागलेल्या रुग्णाला आपल्या नळीत काय आहे हे बहुधा उमगले असणार. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आठ, नऊ, दहा असा आकडा सांगणारे रुग्ण या चाचणीत नव्हतेच. सलाईन देऊन पाहायचे तर तीव्र वेदनेचे रुग्ण घेता येणार नाहीत, ही नैतिक अडचण मान्य आहे. तरीही परवान्यातील ‘मध्यम ते तीव्र’ या शब्दांपैकी दुसऱ्या शब्दाला या चाचणीने फारसा आधार दिलेला नाही, हे विसरता येत नाही.

तो आधार शोधायचा तर इटलीत आणि स्पेनमध्ये जावे लागते. इटलीतील ‘मेडिटा’ या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २७० रुग्णांवर उपचार झाले. मध्यम वेदना असल्यास शिरेतून पॅरासिटामॉल किंवा केटोप्रोफेन (आयबुप्रोफेनच्या जातीचे वेदनाशामक) आणि तीव्र वेदना असल्यास शिरेतून मॉर्फिन, अशा खऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी तुलना झाली. पहिल्या दहा मिनिटांतील सरासरी फरक ५.९४ मिलिमीटर इतका पेन्थ्रॉक्सच्या बाजूने होता आणि आराम सुरू होण्याचा मध्यांक त्यात नऊ मिनिटे, तर इतर औषधांत पंधरा मिनिटे होता. स्पेनमधील ‘इनमिडिएट’ चाचणी २०२० ची. तीत ३०५ रुग्णांची तुलना नेहमीच्या उपचारांशी झाली. वीस मिनिटांत दहाच्या मापावर घट अनुक्रमे २.४७ आणि १.३९ होती, आणि पहिला आराम जाणवण्याचा मध्यांक तीन मिनिटे विरुद्ध दहा मिनिटे होता. या दोन्ही चाचण्यांत कोणाला काय मिळते आहे हे सर्वांना माहीत होते. नवी कोरी हिरवी नळी हाती पडलेल्या रुग्णाचा आणि नेहमीची सुई टोचून घेतलेल्या रुग्णाचा उत्साह सारखा नसतो, हे त्या आकड्यांमधून वजा करता येत नाही.

मॉर्फिनशी केलेल्या तुलनेची वेळही नीट पाहिली पाहिजे. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा पूर्ण परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मुख्य मोजमाप पहिल्या दहा मिनिटांवर थांबवले, तर ओढून घ्यायचे औषध पुढे राहणारच. पेन्थ्रॉक्सचा दावा वेगाचा असल्याने असे मोजमाप गैर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यावरून ‘मॉर्फिनपेक्षा सरस’ असा निष्कर्ष काढणारा विक्रेता समोर बसला, तर त्याला तासाभरानंतरचे आकडे विचारावेत.

याला छेद देणारा पुरावा ऑस्ट्रेलियातूनच मिळतो. न्यू साउथ वेल्सच्या रुग्णवाहिका सेवेतील ४२,८४४ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वेदना किमान ३० टक्क्यांनी उतरणे म्हणजे औषध लागू पडणे, असे धरले असता शिरेतील मॉर्फिन ८१.८ टक्के, नाकातून दिलेले फेंटानिल (मॉर्फिनच्याच जातीचे औषध) ८०.० टक्के आणि मेथॉक्सीफ्लुरेन ५९.१ टक्के रुग्णांना लागू पडले. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हे, नोंदींचा अभ्यास आहे; कोणत्या रुग्णाला काय द्यायचे हे तिथल्या कर्मचाऱ्यांनी ठरवले होते आणि मॉर्फिन देण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. तरीही रोजच्या कामातला माझा अंदाज या आकड्यांशी बराच जुळतो. खांदा बसवताना, बोटाचे हाड सरळ करताना, मोडलेल्या पायाचा रुग्ण स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना ही शिट्टी उत्तम काम करते. मांडीचे हाड मोडले असेल तर ती मॉर्फिन तयार होईपर्यंतचा आधार देते, मॉर्फिनची जागा घेत नाही. काही रुग्णांना तर ती अजिबात लागू पडत नाही, आणि ते कोण असतील हे आधी ओळखण्याची युक्ती मला सापडलेली नाही.

आता मूत्रपिंडाचा विषय, कारण या औषधाचे नाव काढताच जुन्या पिढीतील भूलतज्ज्ञांच्या कपाळावर आठ्या पडतात. मेथॉक्सीफ्लुरेन हे मुळात पूर्ण भुलीचे औषध म्हणून १९६० च्या सुमारास आले आणि ते दशकभर जोरात चालले. १९६६ मध्ये त्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याचे अहवाल आले. पुढे १९७० च्या दशकात असे दिसून आले, की यकृतात या औषधाचे विघटन होऊन सुटणारे फ्लोराइड याच्याशी निगडित आहे आणि हानी मात्रेवर अवलंबून आहे. भूल म्हणून त्याचा वापर मग संपला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर २००५ मध्ये ते सुरक्षिततेच्या कारणास्तव बाजारातून गेले असल्याचे अधिकृतपणे नोंदवले. पुढे पेन्थ्रॉक्सच्या चाचण्यांवर तिथे २०१८ मध्ये आलेली स्थगिती २०२२ मध्ये उठली.

या आक्षेपाला दिले जाणारे उत्तर मात्रेच्या हिशेबाचे आहे आणि ते मला पटते. भुलीच्या औषधांची एकूण मात्रा तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकाराने मोजतात. त्या मापावर मूत्रपिंडाला बाधा दिसू लागण्याची पातळी २ च्या आसपास धरली जाते; ३ मिलीच्या एका बाटलीतून सुमारे ०.३ आणि दोन बाटल्यांतून सुमारे ०.६ एवढीच मात्रा पोहोचते. म्हणूनच दिवसाला ६ मिली आणि आठवड्याला १५ मिली ही कमाल मर्यादा आहे, आणि लागोपाठच्या दिवशी वापर करू नये असे सांगितले जाते. ही शिस्त पाळली तर भीती फार मोठी नाही. मात्र ती पाळायची तर नोंद हवी. सकाळी खेळाच्या मैदानावर एक बाटली, दुपारी रुग्णवाहिकेत एक आणि संध्याकाळी विभागात आणखी एक, असा प्रकार घडू शकतो. शिट्टी नियंत्रित औषधांच्या कपाटाबाहेर राहते, ही तिची सोय या बाबतीत तिची उणीवही ठरते. मूत्रपिंडाचा लक्षणीय विकार, असे औषध पूर्वी घेतल्यावर यकृताला झालेली इजा, भुलीच्या औषधांनी ताप भडकण्याचा स्वतःचा किंवा घराण्यातील इतिहास, डोक्याला मार किंवा दारू यांमुळे मंदावलेली शुद्ध, ढासळलेला रक्तदाब किंवा मंदावलेला श्वास, यांपैकी काहीही असेल तर हे औषध द्यायचे नाही. शनिवारी रात्री आमच्याकडे येणाऱ्या जखमींपैकी दारूच्या मुद्द्यावरच किती जण बाद होतात, हे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

इतर परिणाम साधारणपणे सौम्य आहेत. चक्कर, डोकेदुखी, झोपाळलेपणा, क्वचित मळमळ आणि थोडा वेळ बडबड, एवढे दिसते आणि नळी बाजूला ठेवल्यावर लवकर ओसरते. ब्रिटनमध्ये याच जागी पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजनच्या मिश्रणाला जड सिलिंडर लागतो आणि छातीत हवा साठल्याची शंका असली तर ते मिश्रण देता येत नाही. शिट्टीला ही दोन्ही बंधने नाहीत. हवामानावरील परिणामही तिचा बराच कमी आहे. किंमत मात्र कमी नाही. ब्रिटनच्या आरोग्य सेवेला एक संच सुमारे १८ पाउंडांना पडतो आणि तो एकाच रुग्णासाठी असतो. वापरून झाल्यावर ते सगळे प्लास्टिक पिशवीत बंद करून टाकून द्यावे लागते, हे मला दर वेळी खटकते.

किंमत पाहताना आणखी एका चाचणीची आठवण ठेवावी. न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्स भागात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, हातापायाच्या ताज्या दुखण्यासाठी आलेल्या ४१६ रुग्णांना चार प्रकारच्या गोळ्यांपैकी एक प्रकार दिला होता. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १,००० मिलिग्रॅम एकत्र घेणाऱ्यांची वेदना दोन तासांत दहाच्या मापावर सरासरी ४.३ ने उतरली. उरलेल्या तीन गटांना मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या गोळ्या होत्या: ऑक्सिकोडोनच्या गटात ४.४, हायड्रोकोडोनच्या गटात ३.५ आणि कोडीनच्या गटात ३.९. लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. ही चाचणी मला आदर्श वाटते ती दोन कारणांसाठी. तिने औषधाची तुलना सलाईनशी न करता, त्या गावात प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या गोळ्यांशी केली. आणि मोजमाप दोन तासांवर नेले, जेव्हा रुग्ण घरी जायच्या बेतात असतो. औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या या दोन गोळ्या दारातच दिल्या आणि त्यांचा अंमल चढेपर्यंतचा वेळ शिट्टीने भरून काढला, तर अनेक जखमींना सुई लागतच नाही. पेन्थ्रॉक्सची सर्वांत चांगली जागा मला हीच दिसते, आणि ज्या विभागात या गोळ्या वेळेवर दिल्या जात नाहीत त्याने आधी शिट्टी विकत घेऊ नये.

महाराष्ट्रातील सहकारी मला या औषधाविषयी विचारतात, तेव्हा इथले निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावायला मी कचरतो. तिथे अस्थिभंगाच्या रुग्णाला बहुतेक वेळा पहिली मिळते ती डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई, त्यानंतर ट्रॅमाडोल, हे मॉर्फिनच्या जातीचे पण सौम्य औषध. ट्रॅमाडोल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. त्या कायद्यात २०१४ मध्ये सुधारणा होऊन मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांची वाट मोकळी करण्यात आली, तरी लहान गावांतील अपघात विभागांत मॉर्फिन सहजी हाती येते असे म्हणवत नाही. अशा ठिकाणी नियंत्रित कपाटाबाहेर राहणारे, शीर न शोधता देता येणारे औषध मोलाचे ठरू शकते, आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असल्याने ते देण्याचा अधिकारही गाडीतच असतो.

पण त्यासाठी चाचणी तिथलीच हवी. प्रतिस्पर्धी म्हणून सलाईन नको, डायक्लोफेनॅक आणि शिरेतून दिलेले पॅरासिटामॉल हवे. मोजमाप वीस मिनिटांवर न थांबता किमान तासाभरापर्यंत जायला हवे, कारण तालुक्याच्या गावाहून जिल्हा रुग्णालय गाठायला तेवढा वेळ सहज लागतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेले हे उडून जाणारे द्रव अर्धा तास पुरते की नाही, हेही पाहावे लागेल. वेदनेचे माप विचारताना आकड्यांबरोबर चेहऱ्यांची चित्रे ठेवावीत, म्हणजे ‘जीव नको झालाय’ म्हणणाऱ्या आजींना बोट ठेवायला जागा मिळेल. आणि रुग्ण निवडतानाच क्षयरोगाच्या औषधांची चौकशी केली पाहिजे. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही औषधे मेथॉक्सीफ्लुरेनचे विघटन वाढवू शकतात, म्हणून त्यांच्यासोबत ते टाळावे असे परवान्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे. युरोपातल्या विभागात हा प्रश्न क्वचितच आडवा येतो. मुंबईत किंवा मालेगावात तो रोज येईल.